पाचव्या ‘का’चं उत्तर

११ ऑगस्ट २०२५, सोमवार

सोनियाची दाढ किडली! खालची, उजवीकडची. मोबाइलची बॅटरी लावून पाहिलं — काळा खड्डा, आणि शेजारी हिरडीवर मुगाएवढा फोड. परवापासून एकाच बाजूनं चावत होती, तेव्हाच मनात पाल चुकचुकली होती.

तोंड मिटून म्हणाली, "मम्मी, सत्यमदादाची पण दाढच होती ना?"

सात वर्षांची आहे. हिला काय सांगायचं? म्हटलं, त्याची वेगळी होती. वेगळी कसली! तीच होती, फक्त डावीकडची.

दाढ काढायला नेलेलं माझं नऊ वर्षांचं पोर चौथ्या दिवशी चादरीत गुंडाळून घरी आलं. चौदा महिने झाले. आणि ज्यानं त्याला भूल दिली तो डॉ. औताडे अजून उस्मानपुऱ्यातल्या त्याच दाताच्या दवाखान्यापुढं रोज सकाळी गाडी लावतो. पांढरी गाडी. नंबर मला पाठ आहे.

१२ ऑगस्ट

झोप नाही. लिहूनच काढते.

दोन्ही पोरांना आजार एकच. मायटोकाँड्रियाचा. पुण्याच्या डॉक्टरांनी सोपं करून सांगितलं होतं — शरीराच्या कणाकणात ताकद बनवणारे बारके कारखाने असतात, यांचे अर्ध्या लोडवर चालतात. म्हणून पोरं लवकर दमतात, पापण्या जड पडतात, जिना चढताना कठडा धरावा लागतो. सत्यमचं जास्त होतं, सोनूचं कमी. औषध असं काही नाही. फक्त जपायचं. उपाशी ठेवायचं नाही. आणि कधी भूल द्यायची वेळ आली तर फार फार जपायचं.

अजून एक सांगितलं होतं. हा आजार यांना आईकडून आला. माझ्याकडून! आत्यांनी (सासूबाईंनी) तेवढं बरोबर लक्षात ठेवलं. "आमच्यात कुणालाच नव्हतं बाई असलं काही." सत्यमच्या पुण्यानुमोदनाला आलेल्या बायकांपुढंसुद्धा म्हणाल्या. मी चहा देत होते.

असू दे. त्यांचा हिशेब नंतर. आधी औताडे.

त्या दिवशी काय झालं ते मला तोंडपाठ आहे. रात्री दहानंतर पाण्याचा थेंब देऊ नका म्हणाले. नंबर सकाळी नऊचा म्हणून सांगितला आणि पोराला आत घेतलं दुपारी अडीचला! साडेसोळा तास कोरडं पोर. मी थर्ड शिफ्ट करून कंपनीच्या बसमधून थेट तिथं उतरले होते. काउंटरवर दोनदा जाऊन म्हटलं, याला उपाशी ठेवत नसतात. ती बाई म्हणाली, "सगळेच उपाशी आहेत मॅडम." मग आत साधं सलाईन लावलं, साखरेचं नाही. ते दुधासारखं पांढरं औषध दीड तास धार लावून चालू ठेवलं, चार दाढा एकदम करून टाकायच्या म्हणून. पोर नीट उठलंच नाही. रक्तात आम्ल साचत गेलं. चौथ्या दिवशी सगळं थांबलं.

आणि मी सांगितलं होतं! दाताच्या मॅडमला महिनाभर आधी तोंडानं सांगितलं होतं. "हो हो, भूलतज्ज्ञांना कळवू," म्हणाल्या. पुण्याचं पत्र लॅमिनेट करून फाइलमध्ये ठेवलं होतं. सगळं लिहिलेलं त्यात — उपाशी नको, साखरेचं सलाईन हवं, लॅक्टेटवालं सलाईन नको, पांढऱ्या औषधाची धार नको, अंग गार पडू देऊ नका. फाइल काउंटरवर दिली. फॉर्म तिथल्या बाईनं भरला, मी सही केली. आईनं अजून काय करायचं असतं?

१४ ऑगस्ट

आज कंपनीत कडूबाला लाइनवरून काढायला लावलं.

शिफ्ट सुटायला दहा मिनिटं होती. त्याची चेकशीट हातात घेतली तर वरपासून खालपर्यंत सगळ्या टिका एका दमात मारलेल्या. शाई ओली! गेज अजून डब्यात. एकसुद्धा पीस मोजलेला नाही. ब्रेकचा पार्ट आहे हा. उद्या कुणाचं तरी लेकरू त्या गाडीवर मागं बसणार.

म्हणाला, "ताई, शिफ्ट सुटताना समदेच मारत्यात की. हात आपोआप चालतो."

म्हटलं, हात चालतो तेव्हा डोकं कुठं ठेवतोस?

"चूक झाली ताई. एवढ्या डाव सोडा. पंधरा वर्षं झाली मला वाळूजमधी."

नाही सोडलं. मी कुणाला सोडत नाही, हे अख्ख्या शॉपला माहीत आहे. मी डावखुरी, माझी टिक उलटी पडते — लांब शेपूट डावीकडं. म्हणून माझ्या नावाची खोटी टिक मारायची कुणाची छाती होत नाही. अकरा वर्षांत माझ्या टिकेखालून एक खराब पीस गेला नाही.

जाताना वळून बघत होता. बघू दे.

१५ ऑगस्ट

झेंडावंदन करून आले. नवा ईमेल उघडला. गूगलवर औताडेच्या नावापुढं अजून एक तारा — पाचातला एक. महिन्याला एक, असे चौदा झाले. चौदा नावांनी, चौदा तऱ्हांनी लिहिलं. एकात स्पेलिंग मुद्दाम चुकवलं, खरं वाटावं म्हणून.

पोरकट आहे. पण त्या दिवशी जरा बरं वाटतं.

१७ ऑगस्ट, रविवार

आठ दिवसांनी नळाला पाणी आलं. सगळं भरून झाल्यावर बसले.

कंपनीत एखादा पार्ट बिघडला की आम्ही का-का करतो. बिघाड लिहायचा आणि खाली पाच वेळा ‘का’ विचारायचं. पाचव्याला मूळ सापडतं. आज सत्यमचं केलं. चौदा महिने हिंमत होत नव्हती.

सत्यम उठला नाही.
का? रक्तात आम्ल साचलं.
का? साडेसोळा तास उपाशी, साखर नाही, चुकीचं औषध.
का? भूल देणाऱ्याला आजार माहीत नव्हता.
का? त्यानं फाइल उघडली नाही.
का? डॉ. औताडे.

बस. सापडला!

ट्रेनिंग देणारे साहेबराव सर म्हणायचे, "पाचव्या ‘का’पुढं माणसाचं नाव आलं, की समजायचं आपण लवकर थांबलो." तो नियम प्लँटपुरता. लोखंडाला बाप नसतो, आई नसते. माझं उत्तर माणूसच आहे, आणि त्याला पांढरी गाडी आहे.

वकिलांना फोन केला. म्हणाले, दवाखान्याचे सगळे कागद आणा, मग मेडिकल कौन्सिलकडं तक्रार करू. मला त्याचं लायसन्स हवंय. पैसे नकोत. त्याला काउंटरपुढच्या त्या लोखंडी बाकड्यावर साडेसोळा तास कोरडा बसवायचंय. आणि दर तासाला म्हणायचंय — सगळेच उपाशी आहेत, साहेब.

१९ ऑगस्ट

सोनूला घेऊन दोन दिवसांत तीन दवाखाने. तिन्हीकडं आजाराचं नाव सांगितलं आणि तिन्हीकडं चेहरे उतरले.

पहिला: "असे पेशंट आम्ही घेत नाही."
दुसरी: "पुण्याला न्या."
तिसरा तर पत्र वाचता वाचता उठून आतच गेला. नर्सनं बाहेर येऊन सांगितलं, सर मीटिंगमध्ये आहेत.

नुसत्या इंजेक्शननं बधिर करून काढता येत नाही का, विचारलं. पू धरलाय, तिथं ते नीट लागत नाही, आणि पोरगी हलली तर — असं म्हणाले. पुण्याची तारीख मिळाली सहा ऑक्टोबरची! पू पंचांग बघून थांबतो का?

घरी आल्यावर अभय हळूच म्हणाला, "औताडे सरांना एकदा विचारून बघायचं का?"

सर!! ताट आपटलं मी. ज्यानं तुझं पोर मारलं तो सर?

"मारलं नाही म्हणत मी, करुणा. पण सोड ना आता. किती दिवस?"

भित्रा. पहिल्यापासून भित्राच. वकिलाचं नाव काढलं की हा विषय बदलतो. मागच्या वर्षीच्या जुलैपासून असाच आहे — सत्यमचं नाव निघालं की उठून गॅलरीत. बापाला राग येत नाही म्हणजे काय? मी तोंडावर म्हटलं, तू माणूस नाहीस, भित्रा आहेस. त्यानं ताट उचलून घासायला घेतलं.

२१ ऑगस्ट

सुचलं!

आम्ही रोज सकाळी लाइन सुरू करायच्या आधी मशीनमध्ये मुद्दाम एक खराब पीस टाकतो. लाल रंगाचा, जपून ठेवलेला. मशीननं तो पकडून बाहेर फेकला तर मशीन ठीक. नाही पकडला तर लाइन बंद.

उद्या सोनूला औताडेकडं नेते. आजार सांगणारच नाही. काही विचारलं तर म्हणेन, सगळं ठीक आहे. मोबाइल रेकॉर्डिंगवर, पर्समध्ये. त्यानं नुसता फॉर्म पुढं सरकवून तारीख दिली, की सापडला. दोनदा तीच चूक! मग कौन्सिल काय, देवसुद्धा वाचवणार नाही त्याला. ऑपरेशन थोडंच करून घ्यायचंय? तारीख घ्यायची आणि निघायचं.

अभयला म्हटलं, तुझं ऐकते, चल. त्याचा चेहरा खुलला. मला क्षणभर लाज वाटली. क्षणभरच.

२२ ऑगस्ट

पकडलं त्यानं.

सगळं लिहिते.

म्हातारा झालाय. चौदा महिन्यांत केस पार पांढरे. मला ओळखल्याचं दाखवलं नाही. फॉर्म पुढं सरकवेल म्हणून मी वाट बघत होते, तर फॉर्म स्वतःपुढं ओढला, पेन काढलं आणि एकेक प्रश्न तोंडानं विचारायला लागला. "फॉर्म मी पेशंटच्या हातात देत नाही आता," म्हणाला. हृदय? श्वास? फिट? मी प्रत्येकाला नाही, नाही, नाही. 

मग पेन खाली ठेवलं. सोनूला म्हणाला, "बाळ, वर छताकडं बघत राहा बरं." ती बघत राहिली आणि पापण्या हळूहळू खाली आल्या. मग म्हणाला, खुर्चीवर हात न टेकता ऊठ. तिला नाही जमलं. मग माझ्याकडं वळला. "ताई, तुम्हाला शुगर आहे का? कमी ऐकू येतं का? तुमच्या आईला?"

मी पर्स मांडीवर घट्ट धरली.

म्हणाला, "सत्यमची बहीण ना?"

पर्समधला मोबाइल हे सगळं ऐकत होता. मी उठलेच. म्हटलं, आज एवढं विचारताय, तेव्हा का नाही विचारलं? माझं पोर त्या बाकड्यावर मान टाकून बसलं होतं, तेव्हा कुठं होतं हे छताकडं बघ बाळ? बाहेरचे पेशंट दारात जमले. 

त्यानं मान खाली घातली. "विचारायला हवं होतं. मी फॉर्म बघितला आणि पुढं गेलो. ती माझी चूक."

"फॉर्ममध्ये सगळं लिहिलेलं होतं!"

यावर तो काहीतरी बोलणार होता. तोंड उघडलं, आणि अभयकडं बघितलं. अभय फरशीकडं बघत होता. मग एवढंच म्हणाला, "हिची दाढ काढावीच लागेल. पुण्याच्या डॉक्टरांशी बोलून मी करीन. तुमचा विश्वास असेल तर."

विश्वास! म्हटलं, मला सत्यमचे सगळे कागद हवेत. वकिलाला द्यायचेत.

"देतो," म्हणाला. "तुमचा हक्कच आहे."

अभय मध्ये पडला, "राहू दे ना सर, कशाला." मी त्याला दंडाला धरून बाहेर काढलं.

२३ ऑगस्ट

रेकॉर्डिंग तीनदा ऐकलं. ‘ती माझी चूक.’ कबूल केलं की नाही! वकील खूश होतील.

मग मला आनंद का होत नाही?

होत नाही, कारण लाल पीस पकडला त्यानं. वेळ निघून गेल्यावर शहाणा झाला. माझं पोर खर्ची घालून!

२५ ऑगस्ट, सोमवार

सोनूचा गाल सुजला. ताप १०२. दोन दिवस घास नाही. सकाळी उठवली तर पापण्या उघडेनात, बोलणं जड. तिला साखर कमी पडली की असंच होतं. साखरपाणी चमच्या-चमच्यानं पाजलं, तेव्हा अर्ध्या तासानं मम्मी म्हणाली. तो अर्धा तास! सत्यमचा तिसरा दिवस डोळ्यांपुढं आला.

मुलांच्या डॉक्टरांनी ॲडमिट करून घेतलं. शिरेतून औषध चालू आहे. कानाला मारक असलेलं टाळलंय — तेही मीच विचारलं. म्हणाले, दाढ दोन-तीन दिवसांत निघालीच पाहिजे, नाहीतर पू अंगात पसरेल. पुण्याला न्यायचं तर पाच-सहा तासांचा रस्ता, वाटेत साखर पडली तर कोण बघणार? बुधवारी गणपती बसणार, अर्धे दवाखाने बंद.

आत्या खाटेजवळ बसून होत्या. सोनूच्या पायांना तेल चोळत म्हणाल्या, "करुणा, वैरी असला तरी गावात हे येणारा त्योच एक हाय. पोरगी महत्त्वाची का तुझा राग?"

मी म्हटलं, तुमच्यात कुणाला नव्हतं ना हे? मग तुम्ही बोलू नका.

त्या तेल चोळत राहिल्या. मग म्हणाल्या, "लई वंगाळ बोलले मी तवा. माझाबी नातू गेलता गं. कुणाच्या तरी माथी मारायचं होतं."

कुणाच्या तरी माथी! निदान कबूल तरी केलं. रडले मी. संध्याकाळी अभयला म्हटलं, लाव फोन तुझ्या सरांना.

२६ ऑगस्ट

माझ्या अटी सांगितल्या. एक, मी आत उभी राहणार. दोन, पुण्याच्या पत्रावरून मी चेकशीट केलीय, त्यातली प्रत्येक गोष्ट माझ्या डोळ्यांपुढं झाली आणि मी टिक केली, तरच पुढची. एक जरी चुकली तर मी पोरगी उचलून नेणार.

वाटलं, नाही म्हणेल. डॉक्टरांना कुणी वरून तपासलेलं चालत नाही.

म्हणाला, "या. मला बरंच वाटेल."

नाटकी!

त्याचा बेत असा: मोठ्या हॉस्पिटलात करायचं, जिथं अतिदक्षतेची खाट आधीच धरून ठेवलेली. परवा, गुरुवारी सकाळी आठला पहिला नंबर. दोन तास आधीपर्यंत साखरपाणी. सलाईन साखरेचं, आज रात्रीपासूनच. पांढरं औषध वापरायचं नाही, दुसरं वापरायचं. अंगाखाली गरम चटई. दर अर्ध्या तासाला साखर आणि आम्ल तपासायचं. एकच दाढ, बाकी काही नाही. नंतर एक दिवस नजरेखाली.

पुण्याशी बोललाय खरा. मी पुण्याला फोन करून खात्री केली. तिथल्या मॅडम म्हणाल्या, ते मागच्या वर्षापासून आम्हाला विचारत असतात.

२८ ऑगस्ट, गुरुवार

आज नळाला पाणी येणार होतं. येऊ दे, वाहून जाऊ दे.

हिरवा गाऊन घातला, डोक्याला टोपी. चेकशीट पॅडवर. पेन दोन. सोनूनं मला टोपीत पाहिलं आणि हसली, "मम्मी, तू कॅन्टीनवाली दिसायलीस."

सुरुवात झाली. तो एकेक गोष्ट मोठ्यानं म्हणायचा, मला दाखवायचा आणि थांबायचा. सलाईनची बाटली माझ्यापुढं धरली — वाचा. वाचलं. साखरेचं. टिक. औषधाची कुपी — वाचा. टिक. "ताई, झालं? पुढं जाऊ?" प्रत्येक वेळी. दाताचे डॉक्टर घड्याळाकडं बघत होते, त्यांच्याकडं याचं लक्षच नाही. अकरा वर्षांत माझ्या टिकेसाठी असं कुणी थांबलेलं नाही. शॉपमध्ये तर पेन उघडायच्या आत पार्ट पुढं सरकतो.

तिचे डोळे मिटले तेव्हा मी भिंतीला टेकले. मनात एकच — उठली नाही तर मी याला इथंच. खरंच, हातातलं पेन मुठीत धरलं होतं.

बावीस मिनिटं. दाढ निघाली. साखर ठीक, आम्ल ठीक. टिक, टिक.

मग वाट बघणं. सत्यमच्या वेळी मी बाहेर चार तास वाट बघितली होती. आज अकराव्या मिनिटाला सोनूचा ओठ हलला. "मम्मी, भूक."

भूक!

मी तिच्या पायांवर डोकं ठेवलं. माझं काय झालं माहीत नाही, हुंदका आवरेना. नर्सनं पाणी दिलं. तो कोपऱ्यात हातमोजे काढत होता, आमच्याकडं पाठ करून. खांदे हलत होते त्याचे.

आणि मला दया आली नाही. उलट असा संताप आला, की बस! एवढंच होतं? एक साखरेची बाटली, पहिला नंबर आणि एक प्रश्न? इतकं सोपं होतं, तर माझा सत्यम का गेला? अवघड असतं तर मी माफही केलं असतं. सोप्यासाठी गेला. याची माफी नाही.

२९ ऑगस्ट

सोनूला घरी आणलं. गालाची सूज उतरतेय. नळाचं पाणी शेजारच्या दगडाबाईंनी भरून ठेवलं होतं, न सांगता.

निघताना औताडेनं पाकीट दिलं. सत्यमचे कागद. म्हणाला, "घरी बघा ताई. शक्यतो दोघं मिळून बघा." अभयनं पटकन हात पुढं केला, "माझ्याकडं दे." मी दिलं नाही. म्हटलं, तू उद्या हरवशील.

रिक्षात अभय सारखा पाकिटाकडं बघत होता. सिग्नलला म्हणाला, "करुणा, सोनू बरी झाली ना? मग बस की. फाडून टाक ते." म्हटलं, तुझ्या पोराचा न्याय यात आहे आणि फाडून टाक? भित्रा तो भित्राच.

उद्या उघडते आणि तसंच वकिलाकडं. त्याचं ‘ती माझी चूक’ आणि हे कागद. लायसन्स गेलंच समज.

३० ऑगस्ट

भूल देण्याआधीचा फॉर्म. इंग्रजी. बावीस ओळी. ‘नाही’च्या रकान्यात वरपासून खालपर्यंत बावीस टिका, एका दमात मारलेल्या. सतरावी ओळ — स्नायूंचे, नसांचे, जन्मजात आजार. तिथंही.

सगळ्या टिका उलट्या. लांब शेपूट डावीकडं.

खाली कोपऱ्यात ‘प्रत मिळाली’. तारीख २४ जुलै २०२४. सही अभयची.

तो बाहेर सोनूला मऊ भात भरवतोय.